सागाचा पाहुणचार

नवतपा लागलाय. सकाळी आठ वाजता आमच्या गच्चीच्या कठड्यावर हात टेकून दाखवावा कुणी, मी त्याला जेवायला घालीन. खालच्या मजल्यावर पुण्याहून बदलीवर आलेलं एक तरुण जोडपं राहतं. त्यातली ती मुलगी जिन्यात भेटली की कपाळाचा घाम पुसत विचारते, "काकू, तुम्ही इतकी वर्षं इथे कशा राहिलात हो?" तिचा स्वर सांत्वनाला आल्यासारखा असतो. मला मात्र कुणी पाठ थोपटल्यासारखं वाटतं. मी म्हणते, "राहतात माणसं. तूही राहशील. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा ठेवायला लागशील." ती हसते. तिला ती थट्टा वाटते.

नागपूरच्या उन्हाला मी घरात बसून लाख शिव्या देईन, पण बाहेरच्यानं एक दिलेली मला खपत नाही. घरातल्या तापट काकासारखं आहे ते. सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की पहिले नऊ दिवस असा काही तपतो की विचारू नका, म्हणून नवतपा. आणि हे नऊ दिवस नीट तपले पाहिजेत असा आमच्याकडे सगळ्यांचा आग्रह. मध्येच ढग आले, चार थेंब पडले, तर जुनी माणसं हळहळतात, आता पाऊसपाण्याचं काही खरं नाही म्हणतात. यंदा पुरेसं तापलं नाही म्हणून काळजी करणारे लोक दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही.

कूलरमध्ये नवा वाळ्याचा खस भरला की पहिल्या दिवशी घरभर ओल्या मुळांचा वास सुटतो. तो वास आला की मी या खोलीत राहत नाही. डोळ्यांपुढे तांबड्या मुरमाचा एक माळ येतो, त्यावर ओळीनं लावलेले गुडघ्याएवढे साग, आणि पांढऱ्या उन्हात डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन चालणारी एक बाई. सत्तरच्या दशकातला, दुष्काळाच्या सालातला तो उन्हाळा. मी तेव्हा पंचविशीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

शहाणी समजायला कारणही होतं म्हणा. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून वनस्पतीशास्त्र शिकून एम.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. झाडांच्या संशोधनाच्या एका सरकारी केंद्रात मला नोकरी लागली, तेव्हा गावात चर्चा झाली की संत्र्याच्या बागेत जन्मलेल्या पोरीला सरकार आता झाडं पाहण्याचा पगार देणार. आमच्या बाबांना ते खूप आवडलं होतं. "आम्ही जलमभर फुकटात पाहून रायलो," ते म्हणायचे, "हिले पैसे भेटते."

काम मात्र मजेचं होतं. काटोल रोडनं शहर संपलं की मुरमाड माळ लागायचा. त्यातला एक तुकडा कुंपण घालून आमच्या केंद्राला दिला होता. त्यावर साग लावले होते, पण तीन वेगवेगळ्या मुलखांतल्या बियांचे. एक कोकणातला, भरपूर पावसात वाढलेल्या झाडांचा. दुसरा आता चंद्रपूर म्हणतात त्या चांद्याच्या जंगलातला, म्हणजे आमच्या घरचा. तिसरा मध्यप्रदेशातल्या झाबुआकडच्या कोरड्या टेकड्यांवरचा, जिथे पाऊसही मोजूनमापून येतो. प्रत्येक मुलखाची एक चौकट, मध्ये पायवाट. साग तोच, पानं तीच, पण आईबापांनी पाहिलेलं आभाळ वेगळं. आता सगळ्यांना सारखीच कोरडी जमीन आणि सारखंच ऊन द्यायचं आणि कोण टिकतं ते पाहायचं. रोपं लागेपर्यंत, म्हणजे पहिलं वर्षभर पाणी, त्यानंतर एक थेंबही नाही. पाणी दिलं तर मग काय पाहायचं? सगळ्या प्रयोगाचा जीव त्या एका नियमात होता.

आमचे साहेब मूळचे कोकणातले. सावंतसाहेब. बदलीवर नागपूरला आले तेव्हा एप्रिलमध्ये कोट घालून केंद्रात आले होते, ते चहाच्या सुट्टीपर्यंत बनियनवर आले. माणूस सज्जन, हळू बोलणारा. आमच्याकडच्या बायका "मी जातो, मी करतो" म्हणतात हे ऐकून ते पहिले काही महिने गोंधळून मागे वळून पाहायचे की कोण पुरुष बोलला. कोकणच्या चौकटीतलं बी त्यांनी स्वतः आणलं होतं, त्यांच्या वडिलांच्या जागेतल्या सागांचं. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण त्या चौकटीपाशी त्यांचा पाय रेंगाळायचा. चिक्कूचं आणि आंब्याचं रोपही त्यांनी बंगल्यामागे लावलं होतं. बाईसाहेब रोज त्यांना सावली धरायच्या. मला हसू यायचं. आता येत नाही. परक्या गावात आपल्या गावचं काहीतरी जगावं असं कुणाला वाटत नाही?

मी, साहेब आणि तिसरी पारबताबाई. रोपवाटिकेतल्या वाफ्यांना पाणी घालायला रोजंदारीवर असलेली बाई. चाळिशीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मजबूत. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेलं घर. नवरा गेलेला, दोन मुली शाळेत. तिच्या घरात जो काही पैसा यायचा तो त्या गुंडातून यायचा. डोक्यावर भरलेला गुंड असला तरी ती हात न लावता चालायची आणि चालता चालता मला दटावायची, "बाई, डोक्याले दुपट्टा बांध वं. उन लागलं मंजे तुह्या एम.एस्सी.ले नाई विचारत थे."

चांद्याच्या चौकटीवर माझा जीव. त्यात शास्त्र काही नव्हतं, निव्वळ अभिमान. लकडगंजात आरा गिरण्यांच्या गल्लीतून जाताना कापलेल्या सागाचा तो उग्र, तेलकट वास नाकात गेला की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं व्हायचं. तिथले व्यापारी ओंडक्यावर थाप मारून "चांदे का माल है, बेटी" असं म्हणायचे, जसं काही त्यांनीच तो वाढवला. मी मनात ठरवून टाकलं होतं की पहिला नंबर आमचाच. झाबुआची रोपं ठेंगणी, वाकडी, पानं लवकर गाळून उघडी बसणारी. त्यांच्याकडे मी फारसं पाहतही नव्हते. कोकणची सगळ्यांत देखणी, सरळ, मोठ्या पानांची. पण आदल्या उन्हाळ्यात त्यातली निम्म्याहून जास्त गेली होती. जी उरली ती बोटांवर मोजण्यासारखी.

मग दुष्काळाचं ते साल आलं. विहिरी तळाला गेल्या. गावोगावी दुष्काळी कामं निघाली, आणि आमच्या तालुक्याकडच्या उघड्या टेकड्यांवर झाडांसाठी खड्डे खणायचं काम सुरू झालं. एस.टी.नं गावी जाताना मी ते पाहायची. तापलेल्या मुरमावर पहारीचे आवाज, पदर तोंडाला गुंडाळलेल्या बायका, ओळीच्या ओळी खड्डे. त्या खड्ड्यांत साग लागणार होता. आणि कुठल्या मुलखातलं बी मागवायचं, हे आमच्या त्या लहानशा तुकड्यावरून ठरणार होतं. वरचे साहेब तोंडी म्हणाले होते, यंदाचा उन्हाळा कोण काढतं ते पाहून सावंत सांगतील ते बी. एवढी मोठी गोष्ट आमच्या तीन चौकटींवर येऊन बसली, याचा मला केवढा ताठा आला होता.

मे महिन्यात बहिणीचं लग्न निघालं आणि मी तीन आठवड्यांच्या रजेवर गावी गेले. बाबांनी त्या दिवसांत बाग ताणावर सोडलेली होती. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. संत्र्याचा मृग बहार घ्यायचा तर भर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. आपल्या हातानं वाढवलेली झाडं, त्यांची पानं वळायला लागतात, मलूल होतात, आणि शेतकरी पंपाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचतो. ताण नीट बसला तर पुढे फूल धरतं. मध्येच दया आली, एक पाळी पाणी सोडलं, तर नुसता पाला वाढतो. माझी आई त्या दिवसांत बागेकडे तोंडही करायची नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी बाबांना म्हणालं, "काय हो, झाडं मारता का?" बाबा म्हणाले, "मारत नाई. वाट पाहून रायलो." आणि मग स्वतःच उठून बागेची बाजू सोडून दुसरीकडे जाऊन बसले. त्यांनाही ते बघवत नव्हतं.

परत आले तर साहेब फाटकापाशीच उभे. असा खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"या, या. आधी चौकटी बघून या. मी काही सांगत नाही."

चांद्याची चौकट उघडीबोडकी. झाबुआची त्याहून. काटक्या रोवल्यासारखी रोपं, एक पान नाही. आणि कोकणची हिरवी. उरलेली सगळीच्या सगळी रोपं हिरवी, पानं हातभर रुंद, त्या भाजलेल्या माळावर डोळ्यांना थंडावा देणारी. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "रुळली ती," ते म्हणाले. "गेल्या वर्षी जी टिकली ती आता इथलीच झाली. मी म्हणत होतो ना, वेळ द्यायला हवा. वरच्यांना मी कालच बोललो. कोकणचंच बी मागवू." त्यांचा आवाज भरून आला होता. परक्या गावात आपलं माणूस मोठ्या पदाला चढलं की होतं तसं.

मला आनंद व्हायला हवा होता. होईना. चांदा हरला याचं दुःख होतंच, ते कशाला लपवू. पण त्याहून दुसरं काहीतरी खुपत होतं. या दिवसांत साग पानं गाळून बसतो, ती त्याची उन्हाशी केलेली तडजोड असते. इतकी हिरवी पानं पोसायला त्या मुरमात पाणी आलं कुठून? साहेब गेल्यावर मी खाली बसले आणि एका रोपाच्या बुडाशी बोट घातलं. माती गार लागली.

पारबताबाई रोपवाटिकेकडून येतच होती. डोक्यावर गुंड होता. ती लपतछपत वगैरे अजिबात नव्हती. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, गुंड उतरवला आणि ओंजळीनं एकेका रोपाच्या बुडाशी पाणी सोडायला लागली.

"पारबताबाई, हे का करून रायल्या तुमी?"

"पानी देतो. काहून?"

"काहून म्हंजे? या झाडाईले पानी द्याचं नाई, सांगतलं होतं ना."

"आपल्याकडच्याईले द्याचं नाई, मले समजते थे," ती शांतपणे म्हणाली. "मी कुठं देल्लं त्याईले? चांद्याच्याले नाई देल्लं. त्या झाबुआवाल्याले नाई देल्लं, थो बी शेजारचाच. पन हे कोकनातले हायेत बाई. किती लांबून आले. पावन्याले पानी विचारल्याबगर कसं राहाव मानसानं?"

रागवावं की हसावं कळेना. साहेबांनी नियम सांगितला तेव्हा ती समोरच होती, तिनं मान डोलावली होती. पण नियम एका बाजूला आणि पाहुणा एका बाजूला. आमच्याकडे भर दुपारी दारात कुणी आलं, ओळखीचं असो की नसो, आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा गडू पुढे येतो, नाव-गाव मागून. पाहुणा म्हटलं की सरकारी हुकूम आपोआप रद्द होतो. असा घोळ आमच्या माणसांशिवाय कोण घालणार?

"पन पानी आनलं कुठून? हिरीले त पुरतं पानी नाई," मी विचारलं.

"वाफ्याचं उरते कवा कवा. अन् एक गुंड माह्या वाट्याचा."

दुष्काळात केंद्रातल्या माणसांना विहिरीचं पाणी वाटून मिळायचं. तिच्या वाट्याला दोन गुंड यायचे. त्यातला एक ती पाहुण्यांना पाजत होती आणि एकात दोन मुलींचं घर चालवत होती.

मी तिला सावलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या टेकड्यांवरचे खड्डे, तिथे लागणारं बी, साहेबांचा निर्णय. ताण म्हणजे काय तेही सांगितलं, बाबांच्या बागेसकट. सांगताना मला कळत होतं की मी कुणाला काय सांगते आहे.

"आमी लहान होतो तवा गावच्या हिरीवर आमाले चढू देत नोते," ती म्हणाली. "खाली उभं राहाचं. वरून कोनी ओंजळीत टाकीन तवा प्याचं. कोनी नाई आलं त तसंच घरी. माही माय म्हने, आपल्या हाती पानी आलं ना पारबता, त कोनाले नाई म्हनू नोको. अन् तू मले म्हनून रायली का झाडाले नाई म्हन."

मी फक्त इतकंच म्हणाले की तुमचं नाव कुणाला सांगायची मला घाई नाही. सांगावं तर रोजंदारीवरची बाई, सरकारी प्रयोग बिघडवला म्हणून दुसऱ्या दिवशी बाहेर. दुष्काळात दुसरं काम ते कुठलं? खड्डे खणायचं, आणि मुलींची शाळा बंद. न सांगावं तर त्या सगळ्या टेकड्यांवर कोकणचा साग लागणार आणि पुढच्या नवतप्यात जळून जाणार. माझ्या गावच्या बायकांनी उन्हात खणलेले खड्डे तसेच मोकळे. दोन दिवस मी साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या खोलीत मी काही कागद घेऊन उभी होते. खसाची ताटी लावलेली होती, अंधारगुडूप गार खोली. ताटी बाजूला सारून पारबताबाई आत आली. यापूर्वी ती कधी त्या खोलीत आली नव्हती. मी डोळ्यांनी खुणावलं, थांबा. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"साहेब, तुमच्या कोकनच्या झाडाईले मी पानी देल्लं. पंधरा-वीस रोज झाले. रोज देतो."

साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांच्या तोंडावरून तो सगळा खुललेपणा हळूहळू उतरताना मी पाहिला. फार वाईट दिसतं ते, चांगल्या माणसाच्या तोंडावरून उतरताना.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोनं नाई. माह्या मनानं देल्लं."

"मग आता कशाला सांगताय? मला तर कळलंही नव्हतं."

"बाईनं सांगतलं का हेच बी तुमी गावोगाव लावनार हाये," ती म्हणाली. "मंग तिथं मी पानी द्याले कुठं कुठं जाऊ, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं, आता ओरडतात. ओरडले असते तरी त्यांची चूक नव्हती. वरच्यांना शब्द दिलेला होता, तो आता गिळायचा होता, आणि तो वडिलांच्या जागेतल्या झाडांचा होता. ते म्हणाले, "उद्यापासून पाणी बंद. आणि ते बंद राहतंय की नाही, हे तुम्हीच बघायचं, पारबताबाई. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वरच्यांशी मी बोलतो. काय झालं ते सांगतो. नाव माझं सांगतो, चौकटी माझ्या देखरेखीखाली होत्या."

मला त्या दिवशी ज्या गोष्टी कळल्या, त्या पुस्तकात होत्या असं मला वाटत नाही. नागपूरचं ऊन माणसाची पानं गाळून टाकतं, आत जे काय असेल ते उघडं पडतं. साहेबांच्या आत हे होतं.

लगेच नवतपा लागला. ते नऊ दिवस पारबताबाईनं कसे काढले ते मी पाहिलंय. वाफ्यांना पाणी घालून झालं की ती कुंपणाच्या कडेला कडुनिंबाखाली चौकटीकडे पाठ करून बसायची. आमची आई बागेकडे पाठ करायची तशीच. पहिल्या दोन-तीन दिवसांत कोकणची पानं लोंबायला लागली, मग कडा करपल्या, मग हात लावला की पापडासारखी मोडायला लागली. जाता-येता ती त्यांच्याशी बोलायची. "आता तुमचं तुमी पाहा रे बाबू. माह्या हाती नाई." दुपारी साहेब यायचे. डोक्याला पंचा बांधलेला, खिशात कांदा. चौकटीपाशी उभे राहायचे, परत जायचे. एका दुपारी ते उभे होते तेव्हा पारबताबाईनं आपल्या वाट्याच्या पाण्यातला गडू भरून गुळासकट त्यांच्यापुढे धरला. ते उभ्याउभ्याच प्यायले. पाहुणचार करायची तिची हौस शेवटी अशी फिटली.

पाऊस लागून थोडे दिवस झाल्यावर हिशेब कळला. झाबुआची ती ठेंगणी, वाकडी रोपं जवळजवळ सगळीच फुटली. चांद्याचीही बरीच फुटली, पण झाबुआच्या खालोखाल. दुसरा नंबर. आजही ते मला थोडं टोचतं. कोकणची बहुतेक गेली. आम्ही गेलेली रोपं उपटून पाहिली, तर पाणी मिळालेल्यांची नवी मुळं सगळी वरच, गुंडाचं पाणी जिथे मुरायचं तेवढ्यातच पसरलेली. खाली जायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. झाबुआचं एक रोप उपटायला गेलो, तर ते मुरमात इतकं खोल शिरलं होतं की आलंच नाही. आम्ही त्याची माफी मागून त्याला राहू दिलं.

आणि तरी, कोकणच्या चौकटीत दोन रोपं बुडाशी फुटली. शेंडा पूर्ण वाळलेला, पण मुळाशी दोन तांबूस पानं. साहेबांना सांगितलं तेव्हा ते धावत आले. धावत, म्हणजे खरोखर धावत. कुठल्या मुलखातून आलो यानं पुष्कळ ठरतं हे झाबुआनं दाखवलं होतं. पण सगळंच ठरत नाही, हे त्या दोघांनी दाखवलं. साहेबही पुढे निवृत्त झाले ते नागपुरातच राहिले. त्यांचा आंबा काही जगला नाही, चिक्कू मात्र पुढे शेजाऱ्यांच्या पोटात जाईल इतका लागायचा. नवतप्यात ढग आले की तेही हळहळायला लागले होते.

मी अजून कधीकधी नरखेडकडे जाते. बस वळणावर आली की त्या टेकड्या दिसतात. झाबुआचा आणि चांद्याचा साग आहे त्यांवर, काही वाकडा, काही सरळ, पावसाळ्यात पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेला. ज्यांनी खड्डे खणले त्यातल्या पुष्कळ बायका आता नाहीत. त्यांच्या नातवंडांना वाटतं की हे जंगल इथे पहिल्यापासूनच आहे. मी सांगत नाही. मी खिडकीशी ताठ बसते आणि मनातल्या मनात मिरवून घेते.

पण माझा खरा अभिमान त्या टेकड्यांवर नाही. तो आहे दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातल्या एका सकाळचा. वरचे साहेब आमचा तुकडा तपासायला आले होते. झालेला घोळ त्यांच्या कानावर गेलेला होता, आणि खर्च कमी करायचा म्हणून रोजंदारीची माणसं कमी करायचाही त्यांचा विचार होता. आम्ही सगळे ओळीनं उभे. सावंतसाहेबांनी पारबताबाईला काढलं नव्हतं, उलट तिला तुकड्याच्या राखणीवर घेतलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हौसेनं फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला एक रांजण मांडून त्यावर ओलं फडकं गुंडाळलं होतं. जाणारे-येणारे सायकलवाले, एस.टी. चुकलेले लोक तिथे थांबून पाणी पीत. वरच्या साहेबांनी एकेकाला काम विचारलं. तिच्यापाशी आल्यावर त्यांनी कोरड्या चौकटींकडे पाहिलं, मग रांजणाकडे, मग तिच्याकडे.

"ही बाई पाणी घालायला होती ना? इथे तर पाणी द्यायचंच नाही म्हणता. मग हिचं काम काय?"

सावंतसाहेब बोलायला पुढे सरले. मीही तोंड उघडलं होतं. पण पारबताबाईनं आम्हा दोघांना बोलू दिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली,

"पानी राखतो, साहेब. या झाडाईले द्याचं नाई, अन् रस्त्यानं जानाऱ्या कोन्याच मानसाले नाई म्हनाचं नाई. दोनी कामं माह्याकडेच हायेत."